काचेचं बटण करायचंय, पण 'पुस्तक शोधा' साबणाच्या वडीसारखं दिसतंय

कोरा_कागद | शनिवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाचं संकेतस्थळ मी करतेय. मी या व्यवसायातली नाही, शाळेत शिकवते. सुट्टीत बसून पुस्तकांची यादी टंकली, शोध चालायला लागला, आता रूप द्यायचं बाकी आहे. पहिल्या पानावर एकच मोठं बटण असणार आहे, 'पुस्तक शोधा'. ते काचेसारखं चमकणारं हवं असं कार्यकारिणीतल्या मंडळींचं म्हणणं आहे आणि मलाही ते रूप मनापासून आवडतं. गोळीच्या आकाराचं, आतून उजळलेलं, बघताक्षणी दाबावंसं वाटेल असं.

गिंप हे चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर वापरते, आवृत्ती २.१०. काल रात्री असं केलं: गोल कोपऱ्यांचा आयत आखला, निळा रंग भरला, वरच्या अर्ध्या भागावर पांढरा अर्धपारदर्शक पट्टा दिला, खाली काळी सावली आणि मधे पांढऱ्या अक्षरांत 'पुस्तक शोधा'. पाच-सहा वेळा मोडून पुन्हा केलं. दर वेळी ओल्या साबणाच्या वडीसारखं दिसतं. शिवाय 'शो'वरची मात्रा त्या पांढऱ्या पट्ट्यात बुडून जाते. आईला दाखवलं तर तिने सरळ 'पुस्तक शाधा' वाचलं.

चित्र सोबत जोडलंय. कुठे चुकतंय ते सांगाल का? घाई नाही, पण नीट शिकायचंय.

---

पाणचक्की | शनिवार, सकाळी ११:४८

चित्र पाहिलं. आकार छान जमलाय, कोपरेही एकसारखे आहेत. सावली फार काळी आहे आणि फार लांब पडलीय, त्यामुळे बटण जड वाटतं. बाकीचं जाणकार सांगतीलच. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, मलाही शिकायचंय.

---

तिसरा_मजला | शनिवार, दुपारी १:०५

कोरा_कागद ताई, गिंप बाजूला ठेवा आणि घरात एखादी रंगीत काचेची गोटी असेल तर ती उन्हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा. मी ग्राफिक्स शिकवायचो तेव्हा पहिल्या दिवशी हेच करायचो.

आता गोटीकडे नीट बघा. सूर्याच्या बाजूला एक छोटा पांढरा ठिपका दिसेल, त्याची कड अगदी रेखीव असेल. पण त्या ठिपक्याच्या आजूबाजूची काच उजळ नसते, उलट तिथे रंग गडद असतो. आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूला, खालच्या कडेला, गोटी आतून पेटल्यासारखी दिसते. कारण काच भिंगाचं काम करते. आत शिरलेला प्रकाश वाकतो आणि पलीकडच्या बाजूला गोळा होतो. कट्ट्यावर पडलेली सावली बघा, तीही निव्वळ काळी नाही, मधोमध गोटीच्याच रंगाचा उजेड सांडलेला असतो.

आता शेजारी रंगवलेला लाकडी चेंडू किंवा बटाटा ठेवा. सूर्याकडची बाजू उजळ आणि खालची बाजू काळोखी. काचेच्या बरोबर उलट.

तुमच्या बटणात वरचा भाग उजळ आहे, खालचा सपाट निळा आहे आणि त्याखाली काळी सावली आहे. हे वर्णन अपारदर्शक, ओल्या वस्तूचं आहे, म्हणून डोळा 'साबण' म्हणतो. डोळ्याचं काहीच चुकत नाहीये.

तेव्हा कृती अशी करा. बटण पानावर २०० × ५६ पिक्सेलचं हवं असेल तर दुप्पट, म्हणजे ४०० × ११२ चं काढा. हल्लीच्या फोनच्या पडद्यांवर नेमक्या मापाचं चित्र धुरकट दिसतं. कॅनव्हास थोडा मोठा घ्या, ४८० × २०० आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवा.

पहिला लेयर, म्हणजे चित्राचा एक सुटा थर, काचेच्या अंगाचा. आयताकृती सिलेक्शनच्या पर्यायांत 'राउंडेड कॉर्नर्स' आहे, त्रिज्या ५६ दिली की गोळीचा आकार मिळतो. त्यात उभा ग्रेडिएंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) भरा, वर गडद आणि खाली फिका. निळ्यासाठी वर १०, ७०, १५० आणि खाली ७०, १७०, २४० घ्या (हे लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे). ओढताना कंट्रोल दाबून ठेवलं की रेघ सरळ राहते. २.१० मध्ये ग्रेडिएंट ओढल्यावर एंटर मारेपर्यंत टोकं हलवता येतात, तेव्हा घाईने पुढे जाऊ नका.

दुसरा लेयर तळाशी गोळा झालेल्या उजेडाचा. नवा लेयर, खालच्या कडेजवळ रुंद आणि बसकी लंबवर्तुळाकार निवड, फेदर (कडेचा मऊपणा) २५-३०, रंग १६०, २२०, २५५, मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळायची पद्धत, 'स्क्रीन'. तो बटणाच्या बाहेर सांडेल. म्हणून पहिल्या लेयरवर राइट क्लिक करून 'अल्फा टू सिलेक्शन' (याने त्या लेयरच्या आकाराची निवड होते), मग निवड उलटी करा आणि दुसऱ्या लेयरवर येऊन बाहेरचं पुसून टाका.

तिसरा लेयर वरच्या चमकेचा. पुन्हा अल्फा टू सिलेक्शन आणि मग 'श्रिंक', म्हणजे निवड आत आखडणं, ४ पिक्सेल. हे चार पिक्सेल फार महत्त्वाचे आहेत. चमक कडेला चिकटली की ती रंगवलेली वाटते, कडेपासून सुटली की काचेला जाडी येते. आता कंट्रोल दाबून आयताने खालचा भाग निवडीतून वजा करा. उरलेल्या भागात पांढऱ्यापासून पारदर्शकाकडे जाणारा ग्रेडिएंट भरा आणि लेयरची अपारदर्शकता ७०-७५ टक्क्यांवर आणा. चमकेची खालची कड मात्र रेखीव ठेवा, फेदर करू नका. काचेत खिडकीचं प्रतिबिंब दिसतं ते धारदारच असतं.

सावली शेवटी आणि काळी नको. गडद निळी घ्या (५, ४०, ९०), ५-६ पिक्सेल खाली, ब्लर ८, अपारदर्शकता ४० टक्के. गोटीच्या सावलीत तिचा रंग होता, तो इथे यायला हवा.

---

कोरा_कागद | शनिवार, दुपारी ४:३०

काका, गोटी ठेवली! वर्गातल्या मुलाकडून जप्त केलेली हिरवी गोटी कपाटात होती. सावलीतला हिरवा उजेड मी इतक्या वर्षांत पाहिलाच नव्हता. खरोखर आभार.

तुमच्या कृतीने केलं, खूपच फरक पडला. पण वरची चमक तुम्ही सांगितलेल्या ७० टक्क्यांतही फार पांढरीफटक येते. ४० पर्यंत खाली आणली तेव्हा कुठे बरी दिसली. माझ्याकडे काही सेटिंग वेगळं आहे का?

---

ठोकळा | शनिवार, संध्याकाळी ५:१२

तुमचं सेटिंग बरोबर आहे. हा २.१० मधला बदल आहे, बऱ्याच जणांना माहीत नसतो म्हणून सविस्तर लिहितो.

२०१८ साली २.१० आलं तेव्हापासून गिंप 'नॉर्मल' मोडमध्ये लेयर एकमेकांत मिसळताना मूळ प्रकाशाच्या प्रमाणात, म्हणजे लिनिअर पद्धतीने हिशेब करतं. आधीच्या आवृत्त्या, आणि ठरावीक सेटिंग असलेलं फोटोशॉप, फाइलमधल्या आकड्यांची थेट सरासरी काढतात. उदाहरण घ्या. तुमच्या निळ्यात हिरव्या वाहिनीचा, म्हणजे तीन आकड्यांतला मधला, आकडा ७० आहे. त्यावर ५० टक्के पांढरा टाकला तर जुन्या पद्धतीने (७० + २५५) ÷ २, म्हणजे साधारण १६२ येतात. लिनिअर पद्धतीने तोच आकडा १९० च्या पुढे जातो. त्यामुळे जुन्या कृतींतले टक्के इथे जसेच्या तसे वापरले की पांढरा अंगावर येतो.

लेयरच्या मोडशेजारी एक छोटं बटण आहे, त्यातून 'लेगसी' गट निवडा आणि तिथला नॉर्मल घ्या. मग काकांचे ७० टक्के लागू पडतील. किंवा आहे तसंच ठेवून ४० टक्क्यांवर काम करा, तेही चुकीचं नाही. फक्त एकाच चित्रात दोन्ही पद्धती मिसळू नका, नंतर आपलंच आपल्याला उमगत नाही.

---

तिसरा_मजला | शनिवार, संध्याकाळी ५:४०

ठोकळा, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझे आकडे २.८ च्या काळातले. बरं झालं सांगितलंत.

---

निळी_शाई | शनिवार, रात्री ८:५५

मी फोटोशॉपवाली. हेच सगळं लेयर स्टाइलमधून, म्हणजे लेयरवर चढवायच्या तयार परिणामांतून, होतं: अंगासाठी ग्रेडिएंट ओव्हरले, तळाच्या उजेडासाठी इनर ग्लो किंवा वेगळा आकार, कडेसाठी एक पिक्सेलचा स्ट्रोक, सावलीसाठी ड्रॉप शॅडो. फायदा असा की रंग बदलायचा झाला तर एका ठिकाणी बदलतो. चमक मात्र स्टाइलमधून करू नका, वेगळ्या लेयरवर हाताने काढा. बेव्हल अँड एम्बॉस (कडा उंचावल्याचा तयार परिणाम) लावून काच करायचा मोह सगळ्यांनाच होतो, त्याने फुगलेलं प्लास्टिक मिळतं.

फोटोशॉपमध्ये देवनागरी टंकणाऱ्यांसाठी: 'पुस्तक' मधला 'स्त' जर 'स्' आणि 'त' असा सुटा दिसत असेल तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' किंवा नव्या आवृत्त्यांत 'वर्ल्ड रेडी लेआउट' निवडा. जोडाक्षरं जुळतात. गिंपमध्ये ही अडचण येत नाही.

---

पाणचक्की | शनिवार, रात्री ९:३०

हा काचेचा प्रकार आला कुठून? पूर्वी प्रत्येक साइटवर असायचा, मग एकदम नाहीसा झाला.

---

निळी_शाई | शनिवार, रात्री १०:२०

मी तेव्हा शिकत होते, त्यामुळे सगळा काळ डोळ्यांसमोर आहे.

५ जानेवारी २००० ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या मॅकवर्ल्डमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकच्या नव्या प्रणालीचं 'ॲक्वा' हे रूप दाखवलं. पाण्याच्या थेंबासारखी निळी बटणं. ती इतकी छान दिसायला हवीत की चाटून बघावीशी वाटतील, असं ते तेव्हा म्हणाले होते. त्याआधी १९९८ पासून त्यांचे रंगीत अर्धपारदर्शक आयमॅक आलेलेच होते, पडद्यावरच्या बटणांनी त्या खोक्यांचंच रूप घेतलं. मार्च २००१ मध्ये ती प्रणाली लोकांच्या हातात आली. मग वेबवर लाट आली. २००५ ते २००८ च्या सुमाराला साइट नवी आहे हे सांगायला चमकणारं बटण आणि खाली प्रतिबिंब पडलेला लोगो पुरेसा असे. विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये खिडक्यांच्या चौकटीच काचेच्या केल्या. आयफोनवर तर ॲपच्या चित्रावर वरची चमक प्रणालीच आपणहून चढवायची, ज्याला नको असेल त्याने तसं आधी सांगून ठेवायचं.

२०१२ मध्ये विंडोज ८ आणि २०१३ मध्ये आयओएस ७ आलं आणि सगळं सपाट झालं. आमच्या बॅचच्या हाताला बसलेलं काम बघता बघता कालबाह्य ठरलं. मला त्याचं वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं. सपाट बटणात दाबण्याजोगं काय आणि नुसती पाटी काय, हे नवख्या माणसाला कळत नाही. माझ्या सासूबाई अजून विचारतात, "यातलं दाबायचं कोणतं?" काचेच्या बटणाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि जून २०२५ मध्ये ॲपलने 'लिक्विड ग्लास' आणलं, काच परत आली. फरक एवढाच की आपली काच रंगवलेली आहे. ती काच मागचं दृश्य खरोखर वाकवते, बोटाबरोबर हलते.

---

सांजवेळ | रविवार, सकाळी ७:४५

मी वेबचं काम करतो, म्हणून वेगळी बाजू मांडतो. चित्र करूच नका. सीएसएस या पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत करा. बॉर्डर-रेडियसने कोपरे, लिनिअर-ग्रेडिएंटने अंग, इनसेट बॉक्स-शॅडोने तळाचा उजेड आणि एका छद्म घटकाने (पानात न लिहिता सीएसएसनेच जोडलेल्या भागाने) वरची चमक, इतक्यात काम होतं. फाइल नाही, धुरकटपणा नाही, मापं हवी तशी बदलतात.

आणि बटणावरची अक्षरं चित्रात भाजू नका, हे तर कळकळीचं सांगणं. पानं वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला चित्रातली अक्षरं भरवशाने वाचता येत नाहीत. वाचनालयाच्या साइटवर अंध वाचकही येतील. पर्यायी मजकूर द्यायचा राहिला तर त्यांच्यासाठी तुमचं एकमेव बटण मुकं होईल.

---

तिसरा_मजला | रविवार, सकाळी ९:१०

अक्षरांचं शंभर टक्के मान्य. काच चित्राची, अक्षरं पानावरची खरी.

पण शिकायच्या टप्प्यावर चित्रातच करावं असं माझं ठाम मत आहे. लेयर डोळ्यासमोर चालू-बंद करता येतात. चमक बंद केली की काय हरवतं, तळाचा उजेड बंद केला की काय हरवतं, ते दिसतं. एकदा ते दिसलं की मग सीएसएसमध्ये तेच चार थर कसे मांडायचे हा फक्त टंकण्याचा प्रश्न उरतो. ज्यांनी थेट कोड उतरवून घेतला त्यांची बटणं मी पाहिली आहेत. रंग बदलला की काच जाते, आणि का गेली ते त्यांना सांगता येत नाही.

---

सांजवेळ | रविवार, सकाळी ९:२५

पटलं. आधी गिंपमध्ये, मग कोडमध्ये. ताई, बटण पूर्ण झालं की सांगा, सीएसएसमध्ये उतरवायला मी मदत करतो.

---

रंगाचा_डबा | रविवार, सकाळी ११:३५

उशिरा येतोय, पण 'पुस्तक शाधा' वर कुणीच बोललेलं नाही आणि मला तो या धाग्यातला खरा प्रश्न वाटतो.

माझे वडील सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सुताला खडू लावून फळीवर रेषा मारायचे. लहानपणी सुताचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. इंग्रजी पाटीला ते दोन रेषा मारत आणि मराठी पाटीला चार: मात्रा-वेलांटीची वरची हद्द, शिरोरेषा, अक्षराचा पाय, आणि उकारांची खालची हद्द. फळीची उंची आधी या चार रेषांत वाटून घ्यायची, मग ब्रश उचलायचा.

काचेवरच्या पाट्याही ते करत. काचेच्या मागच्या बाजूने उलटी अक्षरं रंगवायची. तिथे क्रम उलटा: जे सगळ्यांत पुढे दिसायला हवं ते आधी. म्हणजे अक्षरांवरची पांढरी चमकेची रेघ पहिली, ती वाळल्यावर अक्षराचा रंग, मग सावली, शेवटी जमीन. एकदा मी अक्षर आधी रंगवलं आणि मग चमक दिली. पुढून बघितलं तर चमक नाहीच, ती अक्षराच्या पाठीमागे जाऊन बसली होती. वडिलांनी पातं घेऊन सगळं खरवडलं आणि एक शब्दही न बोलता ब्रश परत माझ्या हातात दिला.

आता तुमचं बटण. 'पुस्तक शोधा' या दोन शब्दांत देवनागरीची सगळी परीक्षा आहे: खाली 'पु'चा उकार, मधे 'स्त', वर 'शो'ची मात्रा. काचेच्या बटणाची जी कृती जगभर फिरते ती इंग्रजी अक्षरांसाठी आहे. चमक वरच्या अर्ध्या भागात आणि तिची धारदार कड बरोबर मध्यावर. इंग्रजीला ते चालतं. आपल्याकडे ती आडवी कड शिरोरेषेला समांतर जाते, दोघींमध्ये जेमतेम दहा-पंधरा पिक्सेल असतात, आणि शब्दावर कुणी काट मारल्यासारखं दिसतं. वरची मात्रा चमकेत जाते. पांढऱ्यात पांढरं, ती दिसणार कशी?

तेव्हा ११२ पिक्सेलची उंची चार रेषांत वाटा. मात्रेची हद्द ३२ वर, शिरोरेषा ४६ वर, पाय ७६ वर, उकाराची हद्द ८८ वर. चमक ४ पासून सुरू करून ३० वर संपवा. म्हणजे चमक फक्त वरच्या पाव भागात. खालची कडही सरळ ठेवू नका, मधे किंचित खाली झुकणारी कमान करा, म्हणजे शिरोरेषेशी तिची स्पर्धा होणार नाही.

---

तिसरा_मजला | रविवार, दुपारी १२:१०

रंगाचा_डबा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इतकी वर्षं मी मध्यावरची चमक शिकवत आलो आणि मुलांच्या मराठी बटणांवर अक्षरं लहान करायला सांगत आलो. चमक लहान करायला सांगायला हवं होतं.

---

ठोकळा | रविवार, दुपारी १:४०

अप्रतिम प्रतिसाद. त्यात एका गोष्टीची भर घालतो. पांढऱ्या अक्षरांचा उठाव, म्हणजे मागच्या रंगाशी उजेडाचं प्रमाण, मोजून पाहिला. वेबच्या सुलभतेच्या निकषांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ प्रमाण सांगितलंय. काकांच्या ग्रेडिएंटच्या वरच्या टोकाला (१०, ७०, १५०) पांढरं अक्षर ९ : १ येतं, उत्तम. खालच्या टोकाला (७०, १७०, २४०) मात्र जेमतेम २.५ : १. म्हणजे मात्रा वाचवली तरी 'पु'चा उकार तळाच्या उजेडात पुसट होणार.

उपाय सोपा आहे. ग्रेडिएंटला मधे एक थांबा द्या: ८० टक्के उंचीपर्यंत २०, ९५, १८० आणि शेवटच्या पाचव्या भागातच ७०, १७०, २४० कडे झेप. मधल्या रंगावर पांढरं ६ : १ च्या वर राहतं. दुसऱ्या लेयरचा उजेडही तेवढ्याच खालच्या पट्टीत ठेवा. काच वरच्या आणि खालच्या कडेला दिसेल आणि मधली गडद पट्टी अक्षरांची. वाचनालयात येणारे बरेच जण चष्म्याचे असतील, त्यांची सोय होईल.

---

निळी_शाई | रविवार, दुपारी ३:००

फॉन्टचं राहिलं. 'एक टाइप'चा मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या, जाड वजनाचा. बारीक काने काचेवर हरवतात. शाळेत शिकवता, तेव्हा देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' तुम्हाला वेगळे सांगायला नकोत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात तिथे भाषा मराठी दिली तरच आपली रूपं उमटतात, नाहीतर हिंदीची येतात. गिंपच्या टेक्स्ट टूलमध्ये भाषेचा रकाना आहे. पानावर टंकणार असाल तर पानाची भाषा मराठी नोंदवा. तुमच्या बटणात 'श' आहे, फरक लगेच दिसेल.

---

कोरा_कागद | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, झालं!

रंगाचा_डबा यांच्या चार रेषा गिंपमध्ये गाइड (चित्रात न उमटणाऱ्या मदतीच्या रेषा) म्हणून टाकल्या, ३२, ४६, ७६, ८८, आणि मग बाकीचं केलं. चमक ३० वर संपवली, खाली कमान दिली. ग्रेडिएंट ठोकळा यांच्या आकड्यांचा. अक्षरं चित्रात घेतलीच नाहीत, फक्त जागा तपासायला एक लेयर ठेवला होता, निर्यात करताना बंद केला. सांजवेळ यांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पानावर अक्षरं बसवून दिली. पानाची भाषा मराठी केल्यावर 'श' बदलला तेव्हा फार आनंद झाला.

तीन अवस्था केल्या. साधी. माऊस आल्यावर तळाचा उजेड थोडा वाढतो. दाबल्यावर चमक निम्मी होते, सावली आखडते आणि अक्षरं एक पिक्सेल खाली जातात. तिन्ही एकाखाली एक रचून ४०० × ३३६ ची एकच पीएनजी (पारदर्शकता राखणारी चित्राची फाइल) केली आणि पानावर ती २०० × १६८ च्या मापात दाखवून वर-खाली सरकवतेय. आधी तीन वेगळ्या फाइल होत्या, तेव्हा पहिल्यांदा माऊस नेला की बटण क्षणभर गायब व्हायचं. आता होत नाही.

आईला फोनवर दाखवलं. चष्मा न लावता 'पुस्तक शोधा' वाचलं आणि लगेच बोटाने दाबलं.

एक शेवटची शंका. शेजारी 'सभासद नोंदणी' बटणही हवंय असं आज ठरलं. तो शब्द लांब आहे, २०० मध्ये मावत नाही. चित्र आडवं ताणलं तर टोकांची गोलाई बिघडते. दुसरं चित्र करू का?

---

सांजवेळ | सोमवार, रात्री १०:१५

दुसरं चित्र नको. आहे त्याच काचेचे तीन तुकडे करा: डावं टोक, उजवं टोक, आणि मधली एक पिक्सेल रुंदीची उभी पट्टी. टोकं तशीच राहतात, मधली पट्टी हवी तितकी पसरते. २००३ च्या सुमारापासून वेबवाले 'स्लायडिंग डोअर्स' नावाने असंच काहीसं करत आलेत, तेव्हा दोन तुकड्यांत करायचे.

---

रंगाचा_डबा | सोमवार, रात्री १०:४०

थांबा, ताईंनी चमकेला कमान दिली आहे. मधली पट्टी पसरली की कमान मोडेल, मधे सपाट होईल आणि टोकांना तुटल्यासारखी दिसेल. चमकेचा लेयर बंद करून अंगाचे तीन तुकडे करा. चमक वेगळी पीएनजी म्हणून निर्यात करा आणि ती अख्खी ताणा. कमान ताणली तरी कमानच राहते, फक्त पसरट होते.

---

सांजवेळ | सोमवार, रात्री १०:४८

बरोबर, ते मी पाहिलंच नव्हतं. असंच करूया. ताई, एक्ससीएफ, म्हणजे गिंपची लेयरसकट फाइल, व्यनित पाठवा, तुकडे करून उद्या परत देतो. 'नोंदणी'ची वेलांटीही ३२ च्या रेषेखाली बसतेय का, तेवढं तपासून पाठवा.